बर्फावरची नळी

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी रक्तपेशी आहे. काचेच्या पट्टीला चिकटून मला सात वर्षं झाली, तरी स्वस्थ पडणं अजून जमत नाही. जन्मच धावण्यासाठी होता माझा.

निकिफोर नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या हाडांतल्या मगजात मी घडले. डॅन्यूब नदी समुद्राला मिळते, तिथल्या लव्हाळ्यांत त्याचं घर. माझ्या पातळ कातडीत लाखो प्रथिनं होती. त्यांतलं एक दुहेरी कामाचं: ते कातडीखालची जाळी धरून माझा आकार राखी आणि दारावर बसून क्षारांचे कण आत-बाहेर सोडी. निकिफोरच्या घराण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या जरासं वाकडं घडत आलं होतं. म्हणून इतरांच्या पेशी बशीसारख्या खोलगट, तर माझ्या पोटावर माशाच्या तोंडासारखी फट. उबेत काही बिघडत नसे. पण तो गार पाण्यातून जाळं ओढू लागला की बोटांतून जाताना माझं दार नीट मिटेना. आतलं पोटॅशियम बाहेर पळे, बाहेरचं सोडियम आत घुसे. लगेच ऊब मिळे आणि मी सावरे.

निकिफोरला दम लागू लागला, तशी गावची नर्स दर पंधरवड्याला रक्त काढी. त्याची मुलगी येवदोकिया ती नळी पाखोम नावाड्याच्या माशांच्या होडीतून शहरात धाडी.

"पाखोमदादा, बर्फात खोल खुपस हं. बाबांचं रक्त आहे, नासायला नको."

"माशांपेक्षा जास्त जपतो बाई! मासे नासले तर बोलत नाहीत, तू बोलशील."

शहरातून निरोप आला: पोटॅशियम भयंकर वाढलंय, हृदय थांबेल. ते उतरवायचं औषध सुरू झालं. बटाटे, टोमॅटो यांत ते फार, म्हणून तेही बंद.

"बटाट्याशिवाय मासळीचा रस्सा?" निकिफोर दाढीतून गुरगुरला. "त्यापेक्षा नदीच गरम करून वाढ की!"

"बाबा, गप खा."

आत मात्र उलटंच चाललं होतं. पोटॅशियम दिवसेंदिवस घटत होतं. हृदयातून जाताना एखादा ठोका चुके आणि आम्ही सगळ्या पेशी हृदयाच्या तोंडाशीच ताटकळत राहू. दर नळीगणिक औषध वाढे. मी सैरभैर धावत होते, सांगणार कुणाला?

एका सकाळी त्याचे पायच उचलेनात. येवदोकियाने त्यालाच होडीत घालून शहरात नेलं. तिथे काढलेल्या ताज्या रक्तात मीही होते. प्रयोगशाळेतल्या रालुका डॉक्टर चमकल्या.

"पोटॅशियम तर फार कमी आहे! आधीच्या नळ्या कशा आल्या होत्या?"

"बर्फावर. माशांबरोबर," येवदोकिया म्हणाली.

त्यांनी अर्धं रक्त उबेत ठेवलं, अर्धं बर्फात. बर्फातल्यात मी. दार सताड उघडं राहिलं. काही तासांनी मोजलं, तर बर्फातल्या नळीत आमच्यातून गळलेलं पोटॅशियम चढलेलं. म्हणजे इतके दिवस ते नळीत वाढत होतं, निकिफोरच्या अंगात नाही. मग त्यांनी एक थेंब काचेवर पसरला आणि भिंगाखाली माझी फट दिसली.

औषध त्याच दिवशी थांबलं. येवदोकिया भिंतीला टेकून उभी होती. "बर्फ मीच घालायला सांगत होते," एवढंच ती म्हणाली.

"आणि होडीत मलाही तूच घातलंस," खाटेवरून निकिफोर बोलला. "आता बटाटे घाल."

त्यानंतर तो सहा वर्षं जगला. बटाटे खाऊन.

गेल्या हिवाळ्यात येवदोकिया दुखवट्याचा काळा रुमाल बांधून एकटीच आली. रालुकाबाईंनी मला पेटीतून काढलं. ती भिंगातून बराच वेळ बघत राहिली.

"हिला इथे गारठा लागत असेल?"

"आता नाही लागत हो."

तरी तिने पट्टी उचलून दोन तळव्यांत धरली.

मित्रांनो, कुणाला जपायला निघालात, तर आधी त्याला काय सोसत नाही ते विचारा. माझं दार कधीच मिटलंय, ज्याच्या अंगात धावायचं तोही उरला नाही. पण त्या तळव्यांत, सात वर्षांत पहिल्यांदा, मी क्षणभर स्वस्थ पडले.