बेकरीवाल्याचं नाटक

दादाने ते पुस्तक जन्मात उघडलं नव्हतं. एका इंग्रज विनोदी नाटककाराची सगळी नाटकं एकत्र बांधलेला तो ठोकळा, पाहुण्यांना दिसेल असा त्याच्या टेबलावर असायचा. वाचायची ती त्याची धाकटी बहीण. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती एकेक नाटक आपल्या भाषेत, आवाज बदलून बोलून दाखवायची. दादा ते मोबाइलवर टेप करायचा आणि जाहिरातीत छापून यायचं, रूपांतर आणि दिग्दर्शन दादाचंच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

धाकटीने सगळं पोटात घातलं. पण नाट्यमंडळाने त्याचा सत्कार केला, तेव्हा दादाने घसा खाकरला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "रात्ररात्र जागलो, तेव्हा हे हसू फुललं." मग तिच्याकडे बोट दाखवून, "ही माझी बहीण. चहा फक्कड करते हं!" सगळे हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काही दिवसांनी दादा ओट्याशी हजर. "पुस्तकातलं शेवटचं नाटक कसलं आहे गं?"

"बेकरीवाल्याचं."

पुस्तकात असलं काहीच नव्हतं. केक बहीण भाजते, वाहवा भाऊ लाटतो, असं नाटक धाकटीने कांदा चिरता चिरता रचून सांगितलं. त्यातला बेकरीवाला गिऱ्हाईक दिसलं की घसा खाकरतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "रात्ररात्र जागलो!"

दादा पोट धरून हसला. "काय गाढव माणूस आहे! हे काम मीच करणार. वाक्य अगदी माझ्या तोंडात बसतंय." ते कुणाच्या तोंडचं आहे, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. धाकटीने पुढचा कांदा चिरायला घेतला.

प्रयोगाला सत्काराला आलेलीच सगळी माणसं. बेकरीवाल्याने पहिल्यांदा छातीवर हात ठेवला, तशी पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. पुढे पुढे तर हात वर जायच्या आतच हशा. दादाला वाटलं, प्रयोग रंगला. पडदा पडल्यावर तो सवयीने पुढे आला, घसा खाकरला, छातीवर हात ठेवला.

"मंडळी, रात्ररात्र जागलो..."

थिएटर हशाने दणाणलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आणि केक कुणी भाजला?"

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. मिरवायला म्हणून तो ठोकळा त्याने रंगपटात आणून ठेवला होता. तो घेऊन, भराभर पानं उलटत तो विंगेत धाकटीसमोर आला. "कुठाय यात बेकरीवाला? दाखव!"

"त्यात नाहीये. माझं नाटक आहे ते."

"चारचौघांत मला तोंडघशी पाडलंस?"

"हो. ठरवून पाडलं." इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. "जा, सांग बाहेर, हे नाटक तुझं नाही म्हणून. नाहीतर राहू दे जाहिरातीत तुझंच नाव."

दादा पडद्यापर्यंत गेला आणि तसाच परत आला. "मग कुणाचं, असं विचारतील ना गं!"

"ते मी सांगते," म्हणत धाकटीने पडदा बाजूला केला. "तू तोवर चहा टाक."