पाणमांजर, मुनिया आणि मी

“सून गुणाची हाय, पण तोंडातून शब्द निघत नाय. वर्गात काय शिकवणार?”

मंगलाबाई फोनवर कळवणच्या बहिणीला सांगत होत्या. दाराआड त्यांची सून तृप्ती उभी होती आणि तिच्या काखेत गुंडाळलेला मी. मी एक तक्ता. गंगापूर रोडच्या दुकानातून नुकताच आलेला, पुरता कोरा. दुसऱ्यांचं ऐकू नये, एवढंही मला तेव्हा कळत नव्हतं.

लग्नाला दोन महिने झाले होते. सोमवारी एका शाळेत तृप्तीचा नमुना पाठ होता, दोन प्राण्यांच्या तुलनेचा. जमला तर नोकरी. तिने मला फरशीवर पसरलं, कोपऱ्यांवर डबे ठेवले आणि मधोमध रेघ ओढली. डावीकडे पाणमांजर, उजवीकडे गाणारा पक्षी. पाणमांजर मिशांसकट झकास उतरलं. पक्षी मोबाइलात बघून काढला, तो कोंबडीवर गेला. सासरे रावजीआप्पा येता-जाता बघायचे, बोलायचे नाहीत. त्या घरात न बोलणारी ती एकटीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाजारातून पिंजरा आणला. आत हिरवी मुनिया.

“समोर ठेवून काढ. मोबाइलात कुठं जीव असतो?”

मुनिया गायली, आप्पा हरखले. तृप्तीने कोंबडी खोडून मुनिया काढली, मग रकाने भरले. दोघंही पृष्ठवंशीय. वर्ग वेगळे, एक सस्तन, एक पक्षी. शेवटचा रकाना संवर्धन स्थितीचा, म्हणजे प्राणी टिकून आहे की संपत चाललाय याचा. पाणमांजर: असुरक्षित. मुनियाची माहिती शोधली आणि तिचं पेन थांबलं. बऱ्याच वेळाने तिने तिथेही तोच शब्द लिहिला.

संध्याकाळी मंगलाबाईच म्हणाल्या, आमच्यापुढे एकदा म्हणून दाखव. तृप्तीने मला धरलं. सुरुवातीला ती माझ्याआडूनच पुटपुटत होती. पण फर, पिसं, पिल्लं, अंडी असं करत आवाज मोकळा झाला. मंगलाबाईंची मेथी निवडायची राहिली.

आता मी तिच्या वर्गातल्या भिंतीवर असतो, कडा पिवळ्या पडल्यात. तिथे ती भरपूर बोलते. मला मात्र ती संध्याकाळच आठवते. शेवटचा रकाना तिला हाताने झाकता आला असता. आप्पांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, मुनियाखाली काय लिहिलंय?

तृप्ती पिंजऱ्याकडे बघत म्हणाली, “आप्पा, हिला पकडून विकतात, म्हणून ही कमी होत चाललीय. घरात ठेवणं गुन्हा आहे. तुम्ही माझ्यासाठी आणलीत, ते मला कळतं. उद्या वनखात्यात देऊन येऊ. तुम्ही बरोबर चला, मला एकटीला पिंजरा उचलवणार नाही.”