नाव हरवलेली मिरची

मित्रांनो, मी मिरचीचे एक जुने झाड आहे. ओआहाका प्रांताच्या डोंगरातल्या एका गावात, रुफिनाच्या परसात मी उभे आहे. आता माझी पाने विरळ झाली आहेत आणि खोड लाकडासारखे कडक झाले आहे.

रुफिनाची थोरली बहीण ओतिलिया वारली, तेव्हा तिच्या शालीच्या गाठीत थोड्या बिया सापडल्या. कसल्या, ते कुणालाच ठाऊक नव्हते. रुफिनाने त्या पेरल्या. उगवले मी एकटेच. मक्याचे धुवण घालून तिने मला वाढवले. मला मिरच्या लागल्या त्या वाकड्या, सुरकुतलेल्या, पिकल्यावर जांभळट काळ्या. मूठभर घेऊन ती बाजारात गेली. तिथे काय झाले, ते तिनेच संध्याकाळी पाणी घालताना मला सांगितले.

मिरच्या विकणाऱ्या चोनाने एक मोडून हुंगली. "अगं, ही कुठल्याच जातीची नाही. हिच्या आईनं शेजारच्या मिरचीशी लफडं केलेलं दिसतंय!"

सगळ्या बायका खो खो हसल्या.

"माझ्या बहिणीनं मरेपर्यंत जपलेलं बी आहे, चोना," रुफिना म्हणाली. "उगाच जपलं असेल का?"

शेवटी तिने कांदेलारियामावशीला आणून माझ्याजवळ बसवले. मावशी फार थकली होती, माणसे ओळखत नव्हती. रुफिनाने अंगणातल्या चुलीवर माझी मिरची भाजली. धूर सुटला, तशी मावशीने मान वर केली.

"कोण भाजतंय गं? माझी बहीण आली का नदीवरून?"

"मावशी, ही आईची मिरची आहे?"

"मग कुणाची! तिच्या दारातलं झाड. धरणाचं पाणी चढत होतं, आम्ही भांडीकुंडी काढत होतो, आणि ही ओतिलिया मिरच्या तोडत बसली! आईनं चांगली थोबाडीत दिली तिच्या."

रुफिना तेव्हा तान्ही होती. गाव बुडाले, पाठोपाठ आईही गेली. रुफिनाला यातले काहीच आठवत नव्हते. ती मावशीच्या पायाशी बसली.

"आई काय म्हणायची गं या मिरचीला?"

मावशीने तोंड उघडले. पण धूर विरला होता. "कोणती मिरची? आणि तू कोण गं, बाई?"

रुफिनाने पुन्हा मिरची भाजली, पुन्हा विचारले. मावशी नुसती खोकत राहिली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

मावशीला विचारले त्या दिवशी रुफिनाने ती भाजलेली मिरची मिठाबरोबर ठेचून मक्याच्या भाकरीला लावली आणि एकटीने खाल्ली. डोळ्यांतले पाणी तिने पुसले नाही.

मित्रांनो, तुमच्या दारातले झाड कुणी लावले, घरात त्याला काय म्हणतात, हे सांगणारे माणूस समोर आहे तोवर विचारून घ्या. माझे बी रुफिनाने घरोघरी वाटले आहे, म्हणून माझा वाण टिकेल. पण रुफिनाची आई आम्हाला ज्या नावाने ओळखायची, त्या नावाने आता आम्हाला कुणीच ओळखणार नाही.