चौकीतल्या चार काठ्या

मी एक काठी बोलतेय. करुण कहाणी ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा, मला रडगाणं गायची सवय नाही. मी माणसांना टेकू देते आणि टेकू घेताना त्यांची तोंडं कशी होतात ते बघते. तेवढ्यावरून माणूस या प्राण्याबद्दल माझं मत फारसं बरं झालेलं नाही.

एका सुताराने मला तासलं, घासलं, तेलपाणी केलं, मूठ बसवली आणि तळाला रबराचं बूड घातलं. इतक्या निगुतीने केलेली वस्तू आली कुणाच्या वाट्याला? एका निवृत्त ड्रिल मास्तरांच्या. या गृहस्थांनी आयुष्यभर शाळेच्या मैदानावर "छाती पुढे! मान वर!" असं ओरडून पोरांना उन्हात उभं केलं आणि एके सकाळी न्हाणीघरात स्वतःच आडवे झाले. हाड वाचलं, पण डावा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चाला, पण काठी घेऊन. एकदा पाय बसले की उठवणं कठीण." संध्याकाळी मास्तरांची मुलगी मला घरी घेऊन आली.

"बाबा, बघा तरी, किती छान आहे."

मी न बोलावता जेवायला आले असावे, तसं मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे म्हाताऱ्यांना लागतं," ते म्हणाले. स्वतःचं वय चौऱ्याहत्तर!

महिनाभर मी दारामागे, छत्री आणि केरसुणीच्या मध्ये उभी होते. मास्तर खुर्चीत होते. रोज संध्याकाळी बागेत त्यांचे तीन मित्र जमायचे, एक पोस्टमास्तर, एक दातांचे डॉक्टर आणि एक शिंपी. तिघेही निवृत्त. दोन फेऱ्या मारायच्या आणि बाकावर बसून जगाचे वाभाडे काढायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांचे फोन यायचे आणि मास्तर बेधडक थापा मारायचे, "पाहुणे आलेत हो, आज जमत नाही." पाहुणे म्हणजे मी आणि केरसुणी. दिवसभर टीव्हीशी भांडण चालायचं. ताटात अर्धं जेवण उरायचं. पोटऱ्या तर हातापेक्षा बारीक झाल्या.

शेवटी मुलगी भडकली. "काठी घ्या, नाहीतर असेच या खुर्चीत संपाल. मला ते बघवणार नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं, तेव्हा कुठे मास्तरांचा हात माझ्याकडे आला.

बागेच्या फाटकापर्यंत ते माझ्यावर नीट भार टाकून चालले. तिथे थांबले, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि रस्त्याकडच्या खिडकीतून मला रखवालदाराच्या चौकीत सरकवलं.

"एका ओळखीच्या माणसाची आहे. जाताना नेईन. कुणाला बोलू नका."

"नाही बोलत, साहेब," रखवालदार म्हणाला. त्याने हसू का दाबलं ते मला आत गेल्यावर कळलं.

कोपऱ्यात आधीच तीन काठ्या उभ्या होत्या! काळी पोस्टमास्तरांची, पितळी मुठीची डॉक्टरांची आणि घडी होणारी शिंप्याची. तिघांनीही रखवालदाराकडून असंच वचन घेतलं होतं. सगळे एकाच माळेचे मणी.

फाटकापासून बाकापर्यंत चाळीस पावलं. बागेकडच्या खिडकीतून मी रोज बघायचे. हे चार वीर झाड, कठडा, कचऱ्याचा डबा, मिळेल त्याला धरत चालायचे. "काय वाढलंय हो हे झाड!" असं म्हणत बुंध्याला टेकायचे. निघताना वेगळाच तमाशा. दोघं एकदम फाटकाबाहेर पडले तर बिंग फुटणार, म्हणून "तुम्ही व्हा पुढे", "छे, मला कसली घाई" असं अंधार पडेपर्यंत चालायचं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

एका संध्याकाळी माळ्याने पाणी जास्त सोडलं होतं. पोस्टमास्तर शेवटी आले आणि जिथे धरायला झाड नव्हतं तिथेच घसरले. बाकीचे तिघे धावले, म्हणजे धावल्यासारखे हलले. उचलायला वाकले, पण जोर कुणाच्या पायात? एकमेकांना धरून नुसते उभे.

"काही नाही, काही नाही. जरा बसलोय," पोस्टमास्तर चिखलातून म्हणाले. पडलो तरी नाक वर!

रखवालदाराने आम्हा चौघींना कवेत घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "ज्याची त्याने घ्या, आणि यांना उठवा."

कुणी हलेना. डॉक्टर स्वतःचे बूट बघत होते, शिंपी आभाळ. मित्र चिखलात बसलाय आणि हे आम्हाला ओळख देत नाहीत! इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

मास्तरांनी खाली पाहिलं. पोस्टमास्तरांची हनुवटी थरथरत होती. तशी मास्तरांनी हात पुढे केला.

"ही माझी," ते मैदानावरच्या आवाजात म्हणाले. "मुलीने आणलीय. महिनाभर घरात कुजलो, पण हिला हात लावला नाही. पाहुणेबिहुणे कुणी नव्हते. गाढव आहे मी."

"मग ती काळी द्या इकडे," पोस्टमास्तर खालून म्हणाले. "आणि लवकर द्या, पँट भिजलीय."

मास्तरांनी मला जमिनीत रोवलं, पहिल्यांदाच चारचौघांत माझ्यावर सगळा भार टाकला आणि दुसरा हात मित्राला दिला. त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या मुठीला लागला. त्या क्षणी मला त्यांची लाज वाटली नाही, हे कबूल करते.

आता आम्ही चौघी बाकाच्या पाठीला अडकवलेल्या असतो. दोनाच्या पाच फेऱ्या झाल्यात आणि मास्तरांच्या ताटात काही उरत नाही. पण म्हणून माझं मत बदललंय असं समजू नका. आता हे चौघं कुणाची काठी भारी यावरून भांडतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तुम्हीही गालातल्या गालात हसू नका. तुमच्या बाकावरचा एखादा मित्र चार दिवस "पाहुणे आलेत" म्हणाला, तर बरं म्हणून फोन ठेवू नका. उठा आणि त्याच्या घरी जा. तिथे पाहुणे नसतात. दारामागे केरसुणीशेजारी एक काठी असते आणि खुर्चीत एक माणूस.