डीकनच्या पाठीवरचा बर्फ

ओरिन थिबो हा वकील जनावरांच्या हयगयीचे खटले लढवायचा, नेहमी मालकांच्या बाजूने. आणि त्या मालकांचा त्याला मनापासून तिटकारा होता. वीस वर्षांत त्याच्या टेबलासमोर एकेक नग बसून गेले होते. दोन डझन मांजरं पाळून एकाचंही नाव न आठवणारी बाई. घोड्याचा चारा विसरणारा, पण स्वतःची बिअर कधीही न विसरणारा बाप्या. सगळ्यांचं पालुपद एकच, "माझा फार जीव आहे हो त्याच्यावर." ओरिन मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, हो तर, म्हणूनच त्याच्या बरगड्या लांबून मोजता येतात.

त्यामुळे अर्लीन स्टोडर्ड खुर्चीत बसली तेव्हा तो पालुपदाची वाट बघत होता. चौऱ्याहत्तरची विधवा, व्हरमाँटच्या टेकडीवर एकटी साठ मेंढ्या राखून असलेली. ती तसलं काही बोललीच नाही.

"कुत्रा परत हवाय," ती म्हणाली. "मार्चच्या आत. मार्चमध्ये मेंढ्या विणार."

कुत्र्याचं नाव डीकन. पांढरा, झिपऱ्या, वासराएवढा. सात वर्षं तो मेंढ्यांमध्येच राहत होता, कारण त्याची जातच मेंढ्या राखायची. गोठ्यात त्याच्यासाठी गवताची जागा होती, पण हा पठ्ठ्या तिकडे ढुंकून बघत नसे. टेकडीच्या माथ्यावर खळगा करून बर्फात पडायचा, एक कान जंगलाकडे लावून. तिकडे कायोटी होते, लांडग्याची चुलत भावंडं. डीकन होता तोवर त्यांनी कुंपण ओलांडलं नव्हतं.

मग खालच्या रस्त्यावरचं घर टॅमसिन ब्लेकलीने विकत घेतलं. न्यूयॉर्कहून आलेली, मोठी कनवाळू बाई. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, ही गाडीत बसून मेंढ्या हाकायची. बर्फाखाली निजलेला डीकन दिसल्यावर तिने मोबाइलवर त्याचं चित्रण केलं, त्यावर आपलं रडणं घातलं आणि ते जगाला दाखवलं. चार दिवसांत 'उबदार पंजे' नावाच्या संस्थेची माणसं पोलिसांना घेऊन आली आणि डीकनला उचलून घेऊन गेली. अर्लीनवर आरोप लागला, कडाक्याच्या थंडीत जनावराला निवारा दिला नाही.

"गुन्हा कबूल केलात तर थोडक्या दंडावर सुटाल," ओरिनने सरकारी वकिलाचा निरोप सांगितला. "फक्त कुत्रा संस्थेला द्यावा लागेल."

"मग सुटले कशी?"

ओरिनला हे उत्तर आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक अशील असं भेटलं होतं, की ज्याची त्याला लाज वाटत नव्हती. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. त्यात संस्थेचा एक छापील फॉर्म होता: निकाल लागेपर्यंत संस्था कुत्र्याची आवश्यक ती निगा राखेल, मालकाची हरकत नाही.

"निगा म्हणजे काय रे?" तिने विचारलं.

"खाणंपिणं, लसबिस. आणखी काय असणार. करा सही, अर्लीनबाई. नाही केलीत तर म्हणतील, बाईला कुत्र्याची पर्वाच नाही."

तिने सही केली. साक्षीदाराच्या जागी त्याने स्वतःची ठोकली आणि पुढचा कागद घेतला.

तीन आठवड्यांनी खटला उभा राहिला. तोवर कायोटींनी दोन गाभण मेंढ्या फाडल्या होत्या. अर्लीनने हे ओरिनला सांगितलं ते हवामान सांगावं तसं.

टॅमसिन काळे कपडे घालून आली होती, जणू कुत्र्याच्या मयताला आली असावी. "मी फक्त त्याच्या भल्यासाठी केलं," ती साक्षीत म्हणाली आणि डोळे टिपले.

"कुत्रा कुडकुडत होता?" ओरिनने विचारलं.

"कुडकुडण्याचंही त्राण नव्हतं त्याच्यात."

"तुम्ही किती वेळ बघत होतात?"

"चाळीस मिनिटं."

"गाडीत बसून? हीटर लावून?"

"बाहेर उणे वीस होतं हो. उभं राहणं शक्य नव्हतं."

मागच्या बाकांवर कोणीतरी खाकरलं. ओरिनने दोन फोटो न्यायाधीशांसमोर ठेवले. एकात डीकन, पाठीवर चार बोटं बर्फ. दुसऱ्यात टॅमसिनचं घर, छपरावरचा बर्फ वितळून गेलेला आणि वळचणीला माणसाएवढे बर्फाचे सुळे लोंबणारे.

न्यायाधीश प्रुइटबाईंचं बालपण गोठ्यात गेलेलं. त्यांनी दुसरा फोटो बघितला आणि त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. त्या गावात शेंबडं पोरसुद्धा जानेवारीत छपरं बघून घरांची लायकी सांगतं. छपरावर बर्फ टिकला तर घर शहाण्याचं, ऊब आतच राहते. वितळून सुळे लोंबले तर मालक आभाळाला शेक देतोय, झालं.

"तुमच्या छपरावरचा बर्फ वितळला, बाई," ओरिन म्हणाला. "या कुत्र्याच्या पाठीवरचा का नाही वितळला?"

टॅमसिनला प्रश्नच कळला नव्हता, आणि कोर्टात तो न कळलेली ती एकटीच होती. ओरिनने मुद्दाम तिला तसंच उभं ठेवलं. ही असली माणसं, नाकाने कांदे सोलणारी, त्याला मालकांपेक्षाही जास्त खुपायची, आणि आज वचपा काढायची सोय झाली होती.

"ऊब आत होती म्हणून," शेवटी न्यायाधीशबाईच म्हणाल्या. "आरोप फेटाळला. कुत्रा आजच्या आज परत द्या."

अर्लीनने ओरिनचा हात एकदा दाबला. एवढंच. तो मात्र छाती काढून बाहेर आला.

वाहनतळावर संस्थेची गाडी आली. दार उघडलं आणि बदामांच्या नक्षीचं लाल स्वेटर घातलेलं एक गुलाबी, किडकिडीत जनावर खाली उतरलं. ते थरथरत होतं. अर्लीनने आधी ओळखलंच नाही. त्याने मात्र ओळखलं आणि तिच्या गुडघ्यांत डोकं खुपसलं.

"जटा झाल्या होत्या," संस्थेची बाई कौतुकाने म्हणाली. "सगळे केस उतरवले. किती मोकळं वाटतंय बघा त्याला."

"जानेवारीत भादरलंत?" ओरिन ओरडला. "कोणाला विचारून?"

बाईने कागद काढला. आवश्यक ती निगा. खाली अर्लीनची सही, आणि तिच्याखाली साक्षीदार म्हणून त्याची, चांगली ठसठशीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकिलाला घेऊन तर मुळीच चढू नये.

दोघांना त्यानेच घरी सोडलं. शेताशी गाडी थांबली तशी डीकनने उडी टाकली, माथ्यावरच्या खळग्यापर्यंत धावला आणि पडून राहिला. थोड्याच वेळात त्याचे दात वाजलेले खाली गाडीपर्यंत ऐकू आले. अर्लीन वर गेली, पट्ट्याला धरून त्याला खाली आणलं आणि स्वयंपाकघरात कोंडलं. तो आतून दार खरवडू लागला.

"केस यायला किती दिवस?" ओरिनने विचारलं.

"ऑगस्ट उजाडेल."

मेंढ्या कुंपणाशी दाटीवाटीने उभ्या होत्या. अंधारून यायला लागलं होतं.

"मला वाटलं होतं, सही केली तर आपल्याच भल्याचं होईल," तो म्हणाला, आणि आपण कोणाचं वाक्य बोललो ते त्याला बोलतानाच कळलं. वीस वर्षं जगाला नावं ठेवली, पण एक कागद धड वाचला नाही. स्वतःचीच किळस आली त्याला.

अर्लीनने नवऱ्याचा जुना जाड कोट चढवला, दारामागची बंदूक घेतली आणि माथ्याची वाट धरली. डीकनच्या खळग्याशी पोचल्यावर तिने आत एक पोतं टाकलं आणि जंगलाकडे तोंड करून बसली. बर्फ पडायला लागला होता.

"ओरिन," तिने वरून हाक दिली. "जाताना ती खालची बाई दिसली तर सांग, मी माझ्या मर्जीने बसलेय."