ठरलेली

"बोल दिला गं बाईनं, उभी दारात राहिली,
मागची चूल विझली, पुढची नाही पाहिली."

शिलाई मशीनवर बसून आत्या हे गुणगुणायची. पायाशी चिंध्या वेचत बसलेली लहानगी भाची ऐकत राहायची. लग्न ठरलेली पोरगी ना इकडची ना तिकडची, असं म्हणून आत्या दातांनी दोरा तोडायची. त्यात एवढं भ्यायचं काय, हे तेव्हा भाचीला कळलं नव्हतं.

आता कळत होतं. लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा ठरलेला नवरा कामावर असताना लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. भेटायला आलेली माणसं त्याच्या आईला मिठी मारत आणि हिच्यासमोर आली की चाचरत. विधवा म्हणावं तर लग्न नाही, परकी म्हणावं तर डोळे सुजलेले. एक मावशी तर कानाशी येऊन म्हणाली की वेळेवर सुटलीस बाई.

मावशीला काय ठाऊक! तो गेला त्याच सकाळी चष्म्याच्या दुकानामागे, जिथे ती काचा घासायची, तिनं साखरपुड्याची अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली होती. तो वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर नाही म्हणायला कारण तरी सापडलं असतं. त्यानं अंगठी खिशात टाकली, आईला मी सांगतो म्हणाला आणि कामावर गेला. सांगायचं राहिलंच.

दुकान सुटलं की ती त्याच्या म्हाताऱ्या आईकडे जायची. म्हातारी तिला सूनबाई म्हणे, लेकाच्या ताटात वाढी आणि त्याचे विनोद ऐकवी. 'मी रोज वर जातो आणि जेवायला खाली येतो, असा माणूस दुसरा दाखवा,' असं तो मित्रांना म्हणायचा. म्हातारी हसे आणि हसता हसताच भिंतीकडे तोंड फिरवी. दरवेळी हिच्या घशाशी शब्द येई, आणि आवंढ्याबरोबर खाली जाई.

एके दुपारी म्हातारीनं तिचा हात ओढून घेतला. त्याच्या खिशात सापडलेली अंगठी तिनं सोनाराकडून घट्ट करून आणली होती. ती बोटाच्या पेरावर अडली. म्हातारीनं साबणाचा फेस केला आणि बोट चोळू लागली.

"जास्तच आवळली मेल्या सोनारानं," ती पुटपुटली. मग खाली मान घालून बोलत राहिली. "सैल होते म्हणून मीच त्याच्यामागे लकडा लावला होता. त्या दिवशीही जिन्यावरून ओरडले, जाताना तिच्याकडून घे, सोनाराकडे टाक. त्या घाईत कामावरचा सुरक्षेचा पट्टा बांधायचा राहिला त्याचा. माझ्या तोंडानं खाल्लं गं माझं पोर."

फेस मनगटापर्यंत आला होता. गप्प राहिलं तर या घरात सुनेची जागा होती, ताट होतं. बोललं की दोन्ही गेलं. म्हातारी मात्र बोट चोळतच होती, स्वतःची चूक पुसावी तशी.

तिनं हळूच हात सोडवून घेतला.

"तुमच्या तोंडानं नाही, आई. अंगठी सोनाराकडे चाललीच नव्हती. मी परत दिली होती त्याला, त्या सकाळी. लग्न करत नाही म्हणाले."