उशीच्या पोटातली कात्री

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी, डाग पडलेली उशी आहे, पण माझ्यात नाईलकाठचा लांब धाग्याचा कापूस आहे. इन्साफच्या लग्नाआधी बयूमी पिंजाऱ्याने भर गल्लीत मला पिंजलं, तेव्हा बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या केल्या आणि माझ्या कापसावर साखरबदाम उधळले. केवढा तो मान!

इन्साफचा नवरा रागिब गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर कामाला होता. दमून यायचा, डोकं टेकताच घोरायला लागायचा. अकरा वर्षं माझी एवढीच नोकरी होती आणि ती मी चोख बजावली.

मग पलीकडच्या गावच्या फाटकवाल्याला भरदुपारी डुलकी लागली. सात माणसं गाडीखाली गेली. तेव्हापासून रागिबची झोपच उडाली. ‘मलाही डुलकी लागली तर?’ या धास्तीने तो डोळा मिटेना, आणि मिटलाच तर तेच स्वप्न. गाडी येते आहे आणि फाटकाचा दांडा हातात कणकेसारखा मऊ पडतो आहे. माझ्यात तोंड खुपसून तो बरळायचा, म्हणून मला हे ठाऊक. दचकून उठला की डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू करायचा, कूस बदलायचा आणि गप्प पडायचा. आमच्याकडे वाईट स्वप्न कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर खरं होतं म्हणे.

घरच्यांनी आपापले उपाय केले. इन्साफने माझी शिवण उसवून ताईत घातला. नणंदेने निळे मणी घातले. सासूबाईंनी तर कात्रीच कोंबली, कारण भुतं लोखंडाला भितात.

“आई, त्यांना टोचेल ना!”

“टोचू दे. भुताला आधी टोचेल.”

सगळं मायेनेच चाललं होतं. पण ‘बाबा रे, तुला दिसतं तरी काय?’ असं एकानेही विचारलं नाही. तीन आठवडे तो माझ्यावर तळमळत राहिला.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, “रागिब, ही उशी कामावरही ने. पाठीशी असली की बाधा जवळ फिरकणार नाही.”

त्याने मला फाटकाच्या खोलीत नेलं आणि खुर्चीत पाठीशी ठेवलं. दुपारचं ऊन चढलं. त्याची मान हळूहळू माझ्यावर सैल पडली. अकरा वर्षं ज्या क्षणाची मी वाट पाहायचे, तो त्या दिवशी माझ्या जिवावर उठला. फाटक उघडंच होतं! लांबून शिट्टी ऐकू आली. चाऱ्याने भरलेली गाढवगाडी रुळांवर चढली, वर गाडीवाल्याच्या दोन मुली बसलेल्या, आणि गाढव तिथेच अडून बसलं. मी कापूस, ओरडणार कशी? ‘टोच ग बाई, टोच त्याला!’ मी पोटातल्या कात्रीला विनवत होते. मेली ढिम्म हलली नाही.

तेवढ्यात इन्साफ जेवण घेऊन आली. तिने डबा फेकला, गाढवाचा लगाम धरला आणि जीव खाऊन मागे ओढलं. हातभर अंतरावरून आगगाडी धडधडत गेली.

रागिब जागा झाला. बाहेर धावला. “इन्साफ, हेच... रोज मला हेच दिसतं...”

“गप्प! स्वप्न सांगू नका!” तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग डब्यातून सांडलेल्या घेवड्याच्या उसळीकडे, रडणाऱ्या मुलींकडे पाहिलं आणि हात काढला. “सांगा,” ती म्हणाली. “न सांगताच खरं होत होतं. आता सांगा.”

तो हमसून हमसून सांगत राहिला. तिने गाडीवाल्याला स्टेशनवर पिटाळलं. “म्हणावं, दुसरा माणूस पाठवा. हा माणूस तीन आठवडे झोपलेला नाही.” दुसरा माणूस येईपर्यंत फाटकाचा दांडा तिनेच धरून ठेवला.

नोकरीचं काय होईल, देव जाणे. माझ्या पोटातला ताईत, मणी, कात्री, सगळं इन्साफने काढून टाकलं आहे. शिवण अजून उसवलेलीच आहे. रागिब अजूनही दचकून उठतो. पण आता ती विचारते, “काय दिसलं?”

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं उठलं, तर त्याच्या उशीत काही कोंबू नका. जवळ बसा आणि विचारा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.